दाढ नव्हतीच दुखत

सगळे तिला शिडीवाल्या ताई म्हणत. हे नाव तिने कमावलेलं होतं, कारण आपली लाकडी शिडी ती दुसऱ्या कुणाला उचलूच देत नसे. कामाच्या ठिकाणी एखादा शिपाई मदतीला पुढे झाला की म्हणे, "राहू द्या हो, ती माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही." पडदे लावणं हे तिचं काम आणि पडदे शिवणं हे तिच्या धाकट्या बहिणीचं. बहिणीला ती बारकी म्हणे. बारकी आता दारातून जरा तिरकं होऊन आत येण्याइतकी भरली होती, तरी नाव काही बदललं नव्हतं.

दोघींच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, कापडाचे तागे आणि कापायचं मोठं टेबल. मागच्या खोलीत दोन खाटा, एक कपाट आणि गॅस. ताईचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला आणि बारकी त्या भानगडीत पडलीच नाही. वडील शिंपी होते. त्यांच्यामागे दोघींना मशीन मिळालं, कात्री मिळाली आणि एकमेकी मिळाल्या. भांडायलासुद्धा तिसरं माणूस नव्हतं, त्यामुळे सगळी भांडणं आपसातच उरकावी लागत.

कामाची वाटणी ठरून गेली होती. बारकीला उंचीची भीती. स्टुलावर उभी राहिली तरी तिला भिंती फिरताना दिसायच्या. ताईला मात्र शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून गप्पा मारायला सांगितलं असतं तरी चाललं असतं. गप्पा मात्र मारता येत नसत, कारण तिच्या ओठांत कायम मूठभर पितळी हूक धरलेले असत. बाकीचे पडदेवाले हूक आधीच टेबलावर चुण्यांमध्ये खोचून आणतात आणि वर जाऊन नुसते अडकवतात. ताईला ते पटत नसे. कापड टांगल्याशिवाय त्याचा कल कळत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून एका हाताने पडदा पेलायचा, दुसऱ्याने ओठांतला एक हूक काढायचा, चुणी बोटाने चाचपून तो खोचायचा आणि दांडीवरच्या रिंगेत घालायचा. दोन्ही हात डोक्याच्या वर, मान मागे, श्वास नाकाने. असं तास दीड तास.

तोंडात टाचणी असलेल्या माणसाशी बोलायचं नाही, हा वडिलांचा नियम. बोलायला गेलं की टाचणी घशात जाते. अगदीच विचारावं लागलं तर उत्तर फक्त हुंकाराने. एकदा "हं" म्हणजे ठीक आहे, चालू दे. दोनदा म्हणजे थांब. दोघी बहिणी लहानपणापासून याच भाषेत वाढल्या, आणि ताईला तर ती इतकी मानवली की तोंड रिकामं असतानाही ती तीच बोलायची. जेवलीस का? हं. ताप उतरला का? हं. नवरा गेला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, बाई, मोकळी होऊन रड, बरं वाटेल. त्यावरही तिचं एकच हं. तिने दोनदा दिलेला हुंकार बारकीने उभ्या आयुष्यात क्वचित ऐकला असेल.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. ताईचं जे दुखत होतं ते हृदय होतं. ताईला ते ठाऊक नव्हतं, बारकीला नव्हतं आणि दातांच्या डॉक्टरांनाही नव्हतं. सगळ्यांना कळलं तेव्हा बराच उशीर झाला होता, आणि तो किती झाला होता हाच पुढे जिवाचा प्रश्न होऊन बसला.

सुरुवात जबड्यापासून झाली. एका दवाखान्याच्या खोल्यांना पडदे लावताना डाव्या जबड्यात खालून काहीतरी ओढल्यासारखं झालं. हात खाली घेतले तर थोड्या वेळात गेलं. पुन्हा वर केले तर पुन्हा आलं. ताईने सरळ हिशोब केला: इतकी वर्षं दातांत लोखंड-पितळ धरतेय, दात बोलणारच. दातांच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि त्यांना गंमतच वाटली. समोरच्या दोन दातांना हूक धरून धरून खाच पडली होती.

"थंड-गरम लागतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चावताना?"

"नाही. काम करताना. हे हूक धरले की."

डाव्या बाजूची एक दाढ खरोखरच किडलेली निघाली. त्यात डॉक्टरांचा काही दोष नाही. किडलेली दाढ समोर दिसत असताना माणूस छातीत कशाला बघायला जाईल? दाढ काढली. ताई ती कापसात गुंडाळून घरी घेऊन आली. बारकी म्हणाली, "आता ही फ्रेम करून पुढच्या खोलीत लाव. खाली लिहू, कामावर खर्ची पडली." दोघी पोट धरून हसल्या, आणि ताईचा गाल अजून सुजलेला असल्यामुळे तिचं हसणं एकाच बाजूने झालं.

जखम भरली, ताई पुन्हा शिडीवर चढली आणि ओढ पुन्हा आली. आता तिने हूक तोंडात धरणं सोडलं, कमरेला पिशवी बांधली. तरीही आली. मग म्हणे मान अवघडली असेल. मानेला तेल चोळून झालं, उशी बदलून झाली. काही दिवस डाव्या दंडाच्या आतल्या बाजूलाही मुंग्या यायला लागल्या, तर म्हणे कापडाचं वजन. आणि पिशवी सारखी आडवी येते म्हणून हूक परत ओठांत गेले. जरा विसावलं की दुखणं जायचं, आणि जाणाऱ्या दुखण्याला ताई दुखणं मानतच नसे. जिना चढताना काही नाही, बाजारातून पिशव्या आणताना काही नाही. फक्त हात वर केले की! असला आजार कुठे असतो का, असं तिचं मत. असतो, बाई. पण तिला सांगणार कोण, आणि ती विचारणार कुणाला?

तिने एक युक्ती मात्र शोधली. चारपाच हूक झाले की ती शिडीवरून खाली उतरायची, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहायची आणि एक डोळा बारीक करून पडद्याकडे बघत बसायची. ग्राहकाला वाटायचं, काय ही बाई, एकेका चुणीसाठी जीव टाकते. त्या वर्षी तिचं नाव आणखी झालं. प्रत्यक्षात ती जबड्यातली ओढ ओसरण्याची वाट बघत असायची.

अशात एका सभागृहाचं काम आलं. उंच खिडक्या, जाड मखमल, आतून दुहेरी अस्तर. एकेक पडदा दोघींनी मिळून उचलावा असा. बारकीने ते काम घेतलं. "जमेल ना गं?" असं तिने विचारलं, आणि ताईने जे म्हणायचं तेच म्हटलं.

कामाच्या दिवशी दुपारी सभागृहाचा व्यवस्थापक दर थोड्या वेळाने येऊन हातातल्या किल्ल्या वाजवत उभा राहत होता. दुसऱ्या दिवशी तिथे कसलासा समारंभ होता. बारकी खालून कापडाचा भार खांद्यावर पेलून उभी, ताई वर. शेवटच्या भिंतीला आल्या तेव्हा ओढ आली. ताईने हात खाली घेतले. एरवी गेली असती. या वेळी गेली नाही. जबड्यातून गळ्यात उतरली, छातीच्या मधोमध कुणी गुडघा रोवून बसल्यासारखी बसली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरायला लागला, आणि तो गार होता.

"ताई, का थांबलीस?" खालून बारकी म्हणाली. "दोनच राहिलेत. उरकून टाक ना."

ताईने हात पुन्हा वर केले.

"बरी आहेस ना?"

"हं," ताई म्हणाली.

एकदाच.

दोन्ही पडदे लावून झाले. खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती गुंडाळलेल्या जुन्या पडद्यांवर बसली, हूक तळहातावर काढले आणि म्हणाली, "मेल्या दाढेची मुळं आत राहिली वाटतं." बारकीने तिला पाणी दिलं, रिक्षा केली, घरी आणून झोपवलं. व्यवस्थापक पडद्यांकडे बघून खूश झाला.

त्यानंतर दोन दिवसांत ताईला बाजारची पिशवी जड व्हायला लागली. मग मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत येतानाही धाप. आडवी पडली की श्वास कोंडायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसून झोपायला लागली. पायांवर सूज चढली. तेव्हा मात्र बारकीचं धाबं दणाणलं. तिने मशीनवर अर्धवट शिवलेलं कापड तसंच टाकलं आणि बहिणीला मोठ्या दवाखान्यात नेलं. ताई वाटेत म्हणत होती, "अगं, दातवाल्याकडेच जाऊ." बारकीने तिचा दंड घट्ट धरून ठेवला.

हृदयाच्या डॉक्टर बाई अंगाने लहानखुऱ्या आणि बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी छातीवर तारा लावून ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढली, मग गार जेल लावून पडद्यावर हृदय बघितलं. नंतर खुर्ची ओढून दोघींच्या समोर बसल्या.

"मावशी, तुम्हाला हार्ट अटॅक येऊन गेलाय. आठवडा झाला असेल त्याला."

"मला?" ताई म्हणाली. "मला तर दाढ..."

"दाढ नव्हतीच दुखत. हृदय दुखत होतं. ते पुष्कळदा जबड्यातून बोलतं."

मग त्यांनी ताईला मूठ वळायला लावली. एवढंच असतं हृदय, त्या म्हणाल्या, आणि ते मांसच आहे, दंडासारखं. पण दंडाचं आणि याचं वागणं वेगळं. दंडाकडे रक्त येतं तेव्हा तो त्यातला प्राणवायू थोडासा घेतो आणि बाकीचा परत पाठवतो. काम वाढलं की मग जास्त काढून घेतो. त्याच्याकडे शिल्लक असते. हृदय मात्र तुम्ही नुसत्या बसलेल्या असतानाही आलेल्या रक्तातून घेता येईल तेवढा बहुतेक प्राणवायू घेऊन टाकतं. सतत काम आहे ना त्याला. त्यामुळे काम वाढलं की त्याच रक्तातून आणखी काही पिळून काढता येत नाही. मग उपाय एकच, जास्त रक्त यायला हवं. आणि रक्त आणणारी नळीच अरुंद झाली असेल, तर हृदय उपाशी राहतं.

"पण साठवण असेल ना काहीतरी?" बारकीने विचारलं. "चरबी म्हणा, साखर म्हणा. माझ्याकडे बघा, मी तर वर्षभर पुरेल एवढं बाळगून आहे."

डॉक्टर बाई हसल्या. "इंधन असतं हो. चरबी जाळतं, साखर जाळतं, दंडाने टाकून दिलेलंसुद्धा जाळतं. खाण्याच्या बाबतीत हृदयाचे नखरे नाहीत. पण जाळायला प्राणवायू लागतो. आणि तयार शक्ती ते साठवून ठेवत नाही, अगदी थोड्या ठोक्यांपुरती असते. शिजवायचं आणि लगेच वाढायचं, असा कारभार. चूल विझली की पंगत उपाशी."

"आणि हात वर केले की?" ताईने विचारलं. तिने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"हात वर धरून काम केलं की रक्तदाब चालण्यापेक्षा जास्त चढतो. ठोके वाढतात. चढत्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचं म्हणजे हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे जास्त प्राणवायू. आणि अडचण अशी की हृदयाला स्वतःचं रक्त मुख्यतः मिळतं ते ठोक्याच्या मधल्या विसाव्यात. आवळलेलं असताना ते स्वतःच्या नळ्या दाबून टाकतं. ठोके वाढले की विसावा कमी. काम दुप्पट आणि जेवायची सुट्टी निम्मी, असं झालं."

ताईने मूठ उघडली आणि आपल्या हाताकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर तिला हृदयाची दया आली. आपलं आहे हे विसरून, दुसऱ्याच्या कामवाल्या बाईची येते तशी.

मग डॉक्टर बाईंनी खरी गोष्ट सांगितली. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा एक मोठा भाग हलत नव्हता. त्यामुळे धाप, त्यामुळे सूज. हा भाग मेला असेल, किंवा झोपला असेल. फार दिवस कमी रक्त मिळालं की काही वेळा हृदयाचं मांस मरण्याऐवजी काम बंद करतं. जेमतेम जगण्यापुरतंच खातं आणि निपचित पडून राहतं. तसं असेल तर ऑपरेशन करून नवी नळी जोडता येईल आणि हळूहळू ते जागं होईल. मेलं असेल तर ऑपरेशनचा धोका तेवढा पत्करायचा, हाती काही लागायचं नाही. मग औषधांवर जेवढे दिवस निघतील तेवढे. मेलंय की झोपलंय हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यासाठी एक स्कॅन करावा लागेल.

ताईला वॉर्डात खाट मिळाली. औषधांनी सूज उतरली, श्वास थोडा मोकळा झाला. स्कॅनच्या आदल्या दिवशी भेटायच्या वेळेत बारकी आली, स्टुलावर बसली, आणि डबा उघडायच्या आधीच तिचा बांध फुटला.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "खालून विचारलं होतं मी. बरी आहेस ना म्हटलं. तू हं म्हणालीस."

"तोंडात हूक होते."

"थुंकायचे होतेस! मखमलीवर थुंकायचे होतेस, त्या किल्लीवाल्याच्या डोक्यावर थुंकायचे होतेस! एकदा हं म्हटलंस तू. दोनदा म्हणायला काय झालं होतं?"

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईंनी कूस बदलली. बारकीने आवाज खाली आणला, पण राग खाली आला नाही. इतकी वर्षं हिने आपल्याला लेकीसारखं वाढवलं आणि आता सांगितल्याशिवाय मरायला निघाली, हा तो राग होता, आणि त्याच्या खाली नुसती भीती होती.

"वर्ष झालं," ताई भिंतीकडे बघत म्हणाली.

"कशाला?"

"दुखायला लागून. दाढ काढली त्याच्याही आधीपासून. मी शिडीवरून उतरून लांबून बघायची ना, तेव्हा पडदा बघत नव्हते. दुखणं थांबायची वाट बघत होते."

बारकी काही वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. "मला कळलं होतं," ती म्हणाली.

ताईने मान वळवली.

"दुखतंय हे नव्हतं कळलं, देवाशपथ. पण काहीतरी आहे हे कळलं होतं. तू कधी पडद्याकडे लांबून बघत नाहीस. तुझ्या बोटांनाच कळतं सगळं. आणि उतरून बघायला लागलीस तेव्हापासून तू हात चोळायचीस. मी बघायची आणि सुईत दोरा ओवायला लागायची. विचारलं नाही. कारण तू जमत नाही म्हणाली असतीस तर शिडीवर मी चढले असते." तिने नाक पुसलं. "मी चढले असते की नाही, तेही मला माहीत नाही. म्हणून विचारलंच नाही."

यावर बोलण्यासारखं ताईकडे पुष्कळ होतं, पण ते बाहेर काढायची सवय नव्हती. तिने डब्यातल्या भाताचे दोन घास खाल्ले आणि भेटायची वेळ संपली.

स्कॅनच्या खोलीत थंडी होती. मधोमध एक अरुंद फळी आणि तिच्याभोवती मोठं पांढरं यंत्र. आधी शिरेतून औषध दिलं होतं. ते हृदयाचं जिवंत मांस शोषून घेईल आणि मेलेलं घेणार नाही, म्हणजे चित्रात जिवंत भाग उजळेल, असं तिला सांगितलं होतं. यंत्र चालवणारा माणूस नम्र होता. त्याने तिला फळीवर निजवलं आणि म्हणाला, "आता दोन्ही हात डोक्याच्या वर घ्या, मावशी. असे. आणि हलायचं नाही. हललात तर चित्र बिघडेल."

ताईला हसू आलं. सगळं जग सोडून इथेही हेच! तिने हात वर घेतले. तिच्याइतकं हे कुणाला येत होतं? यंत्र घरघर करत तिच्या छातीभोवती फिरायला लागलं. माणूस काचेपलीकडे जाऊन बसला. त्याच्या मागे, काचेला नाक लावून, बारकी उभी होती. नातेवाइकांना तिथे उभं राहायची परवानगी नसणार, पण बारकीला हलवायचं म्हणजे दोन माणसं लागली असती.

थोडा वेळ बरं गेलं. मग जबड्याखाली ओढ आली.

ताईने डोळे मिटले. ही मेली, आत्ताच यायची होती. हललं तर चित्र बिघडेल. चित्र बिघडलं तर पुन्हा औषध, पुन्हा तारीख, बारकीची पुन्हा एक फेरी. जाईल, नेहमी जाते. ती गेली नाही. गळ्याशी आली. गार घाम मानेवर फुटला. तिच्या मनात सभागृहाचा तो शेवटचा पडदा आला, आणि तिला पहिल्यांदाच समजलं की त्या दिवशीही हेच झालं होतं: आत कुणीतरी उपाशी राहून भार पेलत होतं, आणि ती त्यालाच सांगत होती, दोनच राहिलेत.

भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला, "ठीक आहात ना, मावशी?"

घशात तो हुंकार तयारच होता. इतकी वर्षं तो विचारायच्या आधी बाहेर पडत आला होता. ताईने तो गिळला.

"नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला वाटलं काचेपलीकडे पोचणार नाही. म्हणून ती ओरडली. "दुखतंय! खूप दुखतंय मला!"

यंत्र थांबलं. काचेमागे धावपळ झाली. हात खाली घेतले, जिभेखाली औषधाचा फवारा मारला, पुन्हा ठोक्यांची पट्टी काढली, डॉक्टर बाई आल्या. ओढ ओसरली. ताई मुकाट रडत होती, आणि यंत्रवाला माणूस तिला पुन्हा पुन्हा सांगत होता, "चित्राची काळजी करू नका, हात खाली ठेवूनही काढता येतं, जरा कमी स्वच्छ येईल इतकंच." हे आधी का नाही सांगितलं, असं बारकी त्याला विचारणार होती, तिने तोंड उघडलंही होतं. पण मग ती ताईजवळ गेली आणि तिच्या कपाळावरचा घाम आपल्या बाहीने पुसत बसली.

निकाल दुसऱ्या दिवशी कळला. डॉक्टर बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. रंगांचं एक गोल कडं होतं, त्याला एके ठिकाणी काळी फट.

"बराचसा भाग झोपलेला आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे जिवंत आहे. ऑपरेशन करू या. धोका आहे, तो मी लपवत नाही, पण करण्यासारखं आहे. हा एवढा तुकडा मात्र गेला. तो परत येणार नाही. शिडी विसरायची, मावशी."

बारकी काळ्या फटीकडे बघत होती. "हा कधी गेला?"

"त्या सभागृहाच्या दिवशी, बहुतेक."

"लगेच खाली उतरवलं असतं तर? दोन पडदे राहिले होते तेव्हाच, आणि तशीच इथे आणली असती तर?"

डॉक्टर बाईंनी एकदा ताईकडे पाहिलं. "तर त्यातला काही वाचला असता. जितका उशीर तितकं जास्त मरतं. नक्की किती, ते कुणी सांगू शकणार नाही."

बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला लागून बाकं होती. दोघी बसल्या. समोरून ट्रॉल्या जात होत्या, कुणी फरशी पुसत होतं. बारकीचे हात मांडीवर उघडे पडले होते, मशीनवरून कापड काढून घेतल्यासारखे.

"ताई," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं का गं?"

पूर्वीची ताई असती तर तिने हे काम एका हुंकारात संपवलं असतं. काही नाही, वेडी आहेस, चल. तेच तिच्या ओठांवर आलं होतं. बारकी तिच्याकडे बघत नव्हती, फरशीकडे बघत होती, आणि खोटं ऐकायला अगदी तयार होऊन बसली होती.

"तू 'दोनच राहिलेत' म्हणालीस ना," ताई म्हणाली, "तेव्हा मला तुझा फार राग आला होता."

बारकीने मान हलवली.

"थोडं तुझ्यामुळे झालं," ताई म्हणाली. "जास्त माझ्यामुळे."

बारकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने तोंड फिरवलं नाही. बऱ्याच वेळाने ती उठली आणि तिने ताईच्या काखेत हात घातला. वॉर्ड वरच्या मजल्यावर होता आणि लिफ्टपुढे गर्दी होती. दोघी तिथेच रांगेत उभ्या राहिल्या. बारकी दर थोड्या वेळाने विचारत होती, आता दुखतंय का, आणि ताई दर वेळी नीट विचार करून खरं काय ते सांगत होती.